ढवळीमार्फत आलेले निरोप

आमच्या सोसायटीत प्रवासाच्या गोष्टी ऐकवणाऱ्यांना तोटा नाही. दुसऱ्या मजल्यावरचे जपानला जाऊन आले, पाचव्या मजल्यावरचे नॉर्वेला. मी वेल्हे आणि भोर करून आलो. धनकवडीतल्या माझ्या घरापासून दीड-दोन तासांचा रस्ता. हे लिहून काढतोय असं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात लिहायचं काय? तिकडं आपण तांदूळ आणायला जातो." तिचंही खरं आहे. माझं गाव वरवे बुद्रुक, नसरापूरच्या अलीकडंच, आणि थोरली बहीण पालीच्या वरच्या वाडीत दिलेली. जन्म गेला त्या रस्त्यानं. पण या तीन दिवसांत मी जेवढा हललो तेवढे नॉर्वेवाले हलले नसतील. बराचसा बसल्या जागी हललो, एवढाच फरक.

झालं असं की आमच्या वरच्या मजल्यावर हेमंतराव राहतात. ते नाटककार आहेत. माणसाच्या मनात काय काय चालतं यावर नाटकं लिहितात, त्यामुळे त्यांच्या नाटकांत रंगमंचावर फारसं काही चालत नाही. एका नाटकात एक कारकून दोन तास स्वतःच्या सावलीची माफी मागतो. दुसऱ्यात चार भावंडं आईच्या कपाटाची किल्ली शोधतात आणि शेवटी कळतं की घरात कपाटच नाही. प्रत्येक नाटकात शेवटी कुणीतरी प्रेक्षकांकडे पाठ करून बसतं आणि निळा उजेड येतो. मी सगळी पाहिलीत. पास फुकट मिळतात हे एक कारण. दुसरं असं की जाताना कितीही चेष्टा करत गेलो तरी येताना जिना चढेपर्यंत मी आणि बायको एक शब्द बोलत नाही. आम्हाला असं गप्प करणं फार कमी लोकांना जमलंय.

आणि मी कोण, तर आमच्या नात्यागोत्यातला गोष्ट सांगणारा. स्टोअरकीपरची नोकरी पोटासाठी, खरा धंदा हा. लग्नात पंगती उठल्या की मांडवात कुणीतरी म्हणतंच, "दत्ताभाऊ, ती मिठाची होऊ द्या." मिठाची म्हणजे आमच्या आक्काची. आक्कानं एकेकाळी दाजींशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. एका घरात राहून, एका चुलीवर रांधून अकरा वर्षं. मी सांगताना कारण सांगायचो, की दाजी म्हणाले, मटणात मीठ जास्त झालंय. पण शेताभाताच्या घरात निरोप दिल्याशिवाय चालत नाही. मग दोघं गोठ्यातल्या गाईला सांगायची. आक्का म्हणायची, "ढवळे, मालकाला सांग भाकरी झाली." दाजी म्हणायचे, "ढवळे, तिला सांग मी मोटरीवर चाललोय." मी दोघांचे आवाज काढायचो, मधे गाईचा चेहरा करायचो. गाईच्या चेहऱ्यावर लोक खुर्चीतून पडायचे.

हीच गोष्ट मी एका सकाळी चहावर हेमंतरावांना सांगितली. बहिणीचं नाव घ्यायला जीभ रेटेना म्हणून "आमच्या भागातली एक बाई" म्हणालो. ते अजिबात हसले नाहीत. त्यांनी चहा गार होऊ दिला. वर्षभरानं त्यांचं नवं नाटक आलं, "अकरा हिवाळे". आमच्याकडे वर्षं पावसाळ्यावर मोजतात, पण ते असो. गाय रंगमंचावर नेता येत नाही म्हणून तिच्या जागी एक रिकामी खुर्ची होती. नवरा-बायको त्या खुर्चीशी बोलायची. पुण्यात लोक रडले. मी दुसऱ्या रांगेत बसून गाईचा चेहरा करायचा प्रयत्न करत होतो, जमला नाही.

हे सगळं पचलंही असतं. पण भोरच्या एका हौशी मंडळानं रविवारी दुपारचा प्रयोग ठरवला आणि हेमंतरावांना वाटलं, दुसरा अंक अजून जुळत नाही, दोन दिवस आधी जाऊन त्या भागात राहावं. मला म्हणाले, "दत्ताभाऊ, तिकडं राहण्यासारखं एखादं घर आहे का?"

"माझी बहीणच आहे की!" मी म्हणालो. माझं तोंड माझ्या आधी पोचतं, हे ऑफिसातही सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवार, चेलाडी ते पाली

चेलाडी फाट्याला वळलो तेव्हापासून मला गाडीत नीट बसवेना. खिशातलं पाकीट चाचपून झालं, काच खाली-वर करून झाली. हेमंतराव गाडी चालवताना बोलत नाहीत. सुगी संपत आलेली. मार्गासनीच्या पुढं रस्त्याच्या कडेनं पेंढ्याचे भारे, बायकांच्या डोक्यावर पेंढा, टेम्पोवर तर टेम्पोच दिसू नये इतका पेंढा. डावीकडं राजगड, मागं सरकतो म्हणावा तर पुन्हा समोर. गुन्हेगाराला इतका मोठा डोंगर सारखा समोर असणं बरं नाही.

पालीत गाडी लावली. गडावरून उतरलेली पोरं-पोरी दगडावर बसून बुटातली माती झाडत होती. तिथून वाडीची वाट वीसेक मिनिटांची, चढाची. तीन ठिकाणी हेमंतराव थांबले, निरीक्षण करायला. त्याच तीन ठिकाणी मी थांबलो, धाप लागून.

आक्का अंगणात तांदूळ पाखडत होती. वय चौसष्ट, पण सूप आपटायची ताकद माझ्या दुप्पट. "आला व्हय रं दत्तू! पोट कुटं ठिवायचं ह्ये? दारातनं आत तरी येतंय का?" आणि हेमंतरावांकडं वळून, "नाटकवाले तुमीच व्हय? बसा. ह्याच्यावानी तुमी पण नुसतं बोलूनच पोट भरता का जेवता बी?"

"जेवतो," हेमंतराव म्हणाले.

दाजी गोठ्याकडून आले. सडपातळ, टोपी कपाळावर, बोलणं मोजकं. "आलासा पाव्हणं?" एवढंच. त्यांच्या मागं गोठ्यात एक पांढरी गाय, जुन्या ढवळीची नात, नावही तेच, रवंथ करत माझ्याकडं बघत होती. मी नजर फिरवली.

जेवायला कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, आणि नव्या इंद्रायणीचा भात. नवा भात चिकट होतो, पण त्याला जो वास असतो तो पुण्यात पोत्यातून येईपर्यंत उडतो. हेमंतरावांनी तीनदा भात घेतला. घरी ते रात्री दोन चपात्या खातात असं त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलंय. आक्का बाजूला उभी राहून वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "ऐतवारी भोरला नाटक हाय न्हवं तुमचं? आमी दोगं बी येतो. ह्येंनी तर जलमात नाटक बघितलं न्हाई."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आक्का, तुला नाही आवडायचं. लई कंटाळवाणं असतं." हे मी लेखकाच्या ताटाशेजारी बसून म्हणालो. "गाणी नाहीत, काही नाही. माणसं नुसती गप्प बसतात."

"मग म्या बी गप बसंन," आक्का म्हणाली. "मला काय अवघड हाय का?"

दाजी ताटात बघून भाकरी मोडत होते.

शनिवार

सकाळपासून मी आक्काला एकटं गाठायचा प्रयत्न केला. पाण्याला गेली, मागं गेलो, तिथं शेजारीण. जळण आणायला गेली, मागं गेलो; तिनं भारा माझ्याच डोक्यावर दिला, आणि डोक्यावर भारा असताना माणसाला कबुली देता येत नाही, मान हलत नाही. शेतावर न्याहारी घेऊन गेली, तिथं गेलो तर म्हणाली, "काय रं, आज सारका माज्या मागं मागं? बायकूनं हाकाललं का?" मी हसलो. विनोद करायची सवय असलेल्या माणसाची पंचाईत अशी की तो गंभीर तोंड करून आला तर लोकांना तोही विनोदच वाटतो.

तिकडं खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. सारवून गुळगुळीत केलेली गोल जागा, मधे फळी, दाजी आणि वाडीतले दोघं पेंढ्या आपटत होते. कडेला सावलीत ढवळी बांधलेली. मला बघून दाजींनी नुसती मान हलवली. तेवढ्यात हेमंतराव आले. हातात वही, डोळे कुठंतरी लांब, आणि सरळ बूट घालून खळ्यावर. दोन पावलं, तीन पावलं. धान्यावरून.

पेंढ्या आपटायच्या थांबल्या. आमच्याकडे खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही, देवळात जात नाही तसं. पण पाहुण्याला कसं सांगायचं? दोघं गडी दाजींकडं बघायला लागले. दाजींनी टोपी सारखी केली, मान वळवली आणि शांतपणे म्हणाले:

"ढवळे, पाव्हण्यांच्या पायात बूट हायती बरं का. राहिलं वाटतं काडायचं."

ढवळीनं कान हलवला.

हेमंतरावांनी घाईनं एक बूट काढला. दुसरा काढता काढता त्यांचा हात थांबला. ते एका पायावर उभे. गाईकडं बघितलं, दाजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या नाटकात अशी जागा आली की वीस-वीस सेकंद कुणी बोलत नाही, आणि मला नेहमी वाटायचं, खऱ्या आयुष्यात कोण इतका वेळ गप्प राहतं. राहतात.

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "तुमच्या भागातली एक बाई."

"हो," मी म्हणालो. "भाग हाच."

"तुमची बहीण."

"हो."

"तिला माहीत आहे, तुम्ही मला सांगितलंत ते? नाटक आहे ते?"

"नाही."

हेमंतराव चिडले की आवाज चढत नाही, उतरतो. "काल मी त्यांच्या हातचं जेवलो, दत्ताभाऊ. आणि उद्या त्या पहिल्या रांगेत बसून आपलंच घर बघणार, आधी काही न कळता? हे मी होऊ देणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो, नाहीतर उद्याचा प्रयोग रद्द."

"मी सांगतो. दिवस मावळायच्या आत."

दिवस मावळायला हिवाळ्यात वेळ लागत नाही. आक्का धार काढायला बसली तेव्हा मी गोठ्याच्या मेढीला धरून उभा राहिलो. चरवीत दुधाच्या धारा पडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. हेमंतराव, चहा, खुर्ची, निळा उजेड, सगळं. शेवटी "मी चुकलो" म्हणालो की नाही ते आठवत नाही, बहुतेक म्हणायचं राहिलं.

तिचा हात थांबला नाही.

"त्ये मिठाचं सांगतोस त्येच न्हवं?" ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? आपल्या चुलत्याच्या रंजीच्या लगनात तू मांडवात सांगत व्हतास. म्या आत पोळ्या लाटत व्हते. भायेर माणसं अशी हसली, अशी हसली, मला वाटलं खेळवाला आलाय का काय. म्हनून दारात आले बगायला." धार, धार. "तू तवा ढवळीचं त्वांड करत व्हतास."

"आक्का..."

"नंतर समद्या बाया आत आल्या आन् माज्याकडं बगून त्वांडाला पदर लावून हसाय लागल्या. एक म्हनली, मटनात मीठ जरा बगून टाका हां. अजून म्हनत्यात. वीस वर्सं झाली. दत्तू, माज्या हातचं मीठ कदी जास्त झालंया का?"

"नाही," मी म्हणालो. खरोखरच कधी झालेलं नाही.

"ह्यो नाटकवाला हसवतो का?"

"नाही. त्यांच्या नाटकात लोक रडतात."

"मंग त्येचं काय म्हननं न्हाई माजं. त्येला माजी वळख न्हाई, देख न्हाई, त्येनं त्या बाईसाटी माणसं रडवली. आन् तू माजा पाठचा भाऊ."

एवढं बोलून तिनं चरवी उचलली. मी वाट बघत राहिलो, ती शिव्या देईल म्हणून. शिव्या आल्या असत्या तर मी हात जोडले असते, पाया पडलो असतो, काहीतरी विनोदही केला असता. ती माझ्या अंगावरून दारापर्यंत गेली, थांबली, मागं न बघता म्हणाली:

"ढवळे, दत्तूला सांग, हातपाय धून जेवाय बसाय."

माझ्याशी बोलणं टाकणाऱ्यांची यादी लहान नाही. त्यात बायको आहे, दोन साहेब आहेत, एक चुलत सासरे आहेत. पण गाईमार्फत निरोप येण्याची ही पहिलीच वेळ. आणि इतकी वर्षं ज्या जागेवर लोक खुर्चीतून पडायचे, तिथं उभा राहून मी गाईकडं बघितलं. तिचा चेहरा मी करायचो तसा नाहीच. ती फक्त बघते.

जेवायला ताट आलं. हळूच, आवाज न करता जमिनीवर टेकलं. भाकरी गरम, वर लोण्याचा गोळा, हेमंतरावांच्या ताटातल्यापेक्षा मोठा.

रविवार, भोर

हेमंतरावांच्या गाडीत पुढं दाजी, मागं मी आणि आक्का. गाय घरी. नसरापूर येईपर्यंत वाटलं, आता तरी बोलेल, दुसरा इलाज काय? मग ती पुढं वाकून म्हणाली, "नाटकवाले, तुमच्या दोस्ताला सांगा काच लावून घ्या म्हनावं. गार वारं लागतंय."

हेमंतराव आरशातून माझ्याकडं बघून म्हणाले, "दत्ताभाऊ, काच."

पुण्यात ज्यांच्यापुढं लोक माइक धरतात ते नाटककार कापूरहोळपर्यंत आमच्या ढवळीचं काम करत होते. करताना त्यांचा चेहरा अतिशय गंभीर होता. मला वाटतं, त्यांना ते आवडत होतं.

भोरला नदीवरचा पूल ओलांडून आत गेलो. एका शाळेच्या सभागृहात प्रयोग. पुण्याची नटमंडळी आधीच येऊन खुर्ची कुठं ठेवायची यावर वाद घालत होती. आमच्यासारख्या पुण्याच्या माणसांना वाटतं, गावाकडं प्रेक्षक शिट्ट्या मारेल, मधेच उठेल. सभागृह भरलं आणि पडदा गेल्यावर इतकं शांत झालं की वरच्या पंख्याची कुरकुर लाज आणायला लागली. एका गृहस्थांनी उठून पंखाच बंद केला. पुण्यात मोबाईल वाजतात.

मी नाटक बघितलंच नाही. मी आक्काकडं बघत होतो. ती हात मांडीवर ठेवून बसलेली, लग्नात अक्षता टाकायच्या आधी बसतात तशी. रंगमंचावरची बाई खुर्चीला म्हणाली, "त्यांना सांग, जेवण तयार आहे," आणि नवऱ्यापुढं ताट आपटलं. स्टीलचं ताट, सभागृहभर खणखणलं. आक्काची पापणी हलली नाही. फक्त एकदा मान किंचित आडवी हलली, चुकीच्या वाटेनं चाललेल्या माणसाला लांबून बघून हलते तशी.

मध्यंतरात मी बाहेर पळालो. वडापावच्या गाडीपाशी दाजी माझ्यामागं आले. दोन चहा सांगितले. बराच वेळ फुंकर मारत राहिले.

"त्यो नवरा लई बोलतो," शेवटी म्हणाले. "खुर्चीशी एवडं? म्या दिसाला चारपाच शबूद बोलत व्हतो."

मी म्हणालो, "दाजी, आक्का माझ्याशी बोलेल का आता?"

"काय की. मला अकरा वर्सं लागली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू इचारलं न्हाईस कदी, म्हनून सांगतो. मीठबीठ काय नव्हतं. आमच्या पडवीत बैठक व्हती, बंधाऱ्याच्या पाण्याची. वाडीतली समदी माणसं. पाळी कशी लावायची त्येच्यावर भांडण. ही आतनं म्हनली, वरनं खाली लावा, म्हंजी कुणाचं तुटनार न्हाई. म्या म्हनलं, तुला कुणी इचारलंय? माणसं हसली. म्या बी हसलो. इसरून बी गेलो."

"आणि ती?"

"तिनं धरून ठिवलं. इचारल्याबिगर बोलायचं न्हाई. बरं, म्या काय बोलत नव्हतो का, ढवळीला सांगून का हुईना? बोलत व्हतो. ह्ये कर, त्ये आण, मोटर लावली, भाकरी दे. सांगत व्हतो. इचारत नव्हतो. मला त्येतला फरकच ठाव नव्हता, पाव्हणं."

"मग सुटलं कसं?"

"पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजून हा एवडा. जडीबुटीवाल्याकडं जावं का दवाखान्यात, कळंना. घाबरलो व्हतो. हिच्याकडं बगून म्हनलं, तुला काय वाटतंय गं?" दाजींनी कप खाली ठेवला. "लगीच म्हनली, दवाखान्यात. आन् त्ये धोतर बदलून चला."

आत घंटा वाजली. दाजी चालायला लागले, मग वळून म्हणाले, "पाण्याची पाळी बी मागनं तिनं सांगितली तशीच लावली. पर तुजंच खरं व्हतं, असं तिला अजून कुणी म्हनलं न्हाई. मला बी सुचलं न्हाई." आणि आत गेले.

दुसरा अंक निळ्या उजेडात संपला. बाईच्या गप्प राहण्याचं कारण हेमंतरावांनी तिच्या लहानपणात शोधलं होतं, कधीच न बोलणारा बाप वगैरे. बाई प्रेक्षकांकडं पाठ करून बसली. लोक आधी नुसतेच बसून राहिले, मग टाळ्या.

हेमंतराव धावतच आक्कापाशी आले. सावलीची माफी मागणारा तो कारकून मला आठवला. ते खाली बसले, तिच्या खुर्चीपाशी, जमिनीवर. "आक्का, तुम्हाला न विचारता केलं हे. आता विचारतो. पुढं करू की थांबवू? तुम्ही म्हणाल तर आजच थांबवतो."

मी शेजारीच उभा होतो. चार महिने एकच वाक्य खोडत बसणारा माणूस तो, आणि हे वाक्य त्याला न खोडता आलं.

आक्कानं जराही वेळ घेतला नाही. "करा की. ती बाई लई चांगली गप बसती. मला बी एवडं जमलं नसंल." मग थोडं पुढं वाकून, "पर एक हाय. ती ताट आपटती. म्या कदी आपटलं न्हाई."

"का?"

"अवो, ताट आपाटलं म्हंजी बोललोच की. ती गप बसती म्हनता आन् एवड्यानं वरडती."

हेमंतरावांनी वही काढली नाही. त्यांनी हात जोडले. मागं ती नटी मेकअप पुसत उभी होती. तिनं रिकामं ताट उचललं आणि टेबलावर हळू, अगदी हळू, आवाज न होता ठेवून बघितलं. दोनदा. मग आक्काकडं बघितलं. आक्कानं मान हलवली. तसं.

"आणि कारण?" हेमंतरावांना राहवेना. "मी दिलेलं कारण बरोबर आहे का?"

"तुमच्या बाईचं तुमाला ठाव," आक्का उठता उठता म्हणाली. "माजं म्या कशाला सांगू?"

परतताना चेलाडी फाट्याला आम्ही वेगळे होणार होतो. दाजी म्हणाले, हितनं वेल्ह्याकडची जीप मिळती, तुमाला उलटा फेरा नको. ऊन उतरलं होतं. गाड्या साताऱ्याकडून पुण्याकडं सुसाट. जीपवाला "पाली, पाली, दोन सीट" ओरडत होता. आक्का पिशवी सांभाळत जीपकडं निघाली. मी गाडीतून उतरून तिच्या मागं गेलो.

तोंडावर विनोद आला होता. हसलीच असती कदाचित. पहिल्यांदाच मी तो गिळला, आणि त्यानंतर तोंडात काही उरलंच नाही. तिच्यासमोर नुसता उभा. चोपन्न वर्षांचा माणूस, पोट पुढं, हात कुठं ठेवायचे कळेना. जीपवाला म्हणाला, "मावशी, चला, सुटली."

"आक्का," मी म्हणालो, "तुझी गोष्ट मी सांगितलेली चालेल का तुला? का सांगू नको?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मधे एक कंटेनर गेला, त्याचा वारा आमच्या अंगावर आला, तिचा पदर उडाला आणि तिनं तो सारखा केला.

"दत्तू," ती म्हणाली. माझ्याकडं बघून, माझ्याशी. "आपल्या माणसांत नगं सांगूस. लगनात तर न्हाईच." एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला. "सांगायचीच आसंल तर परक्यांस्नी सांग. ती हसली तरी मला ऐकाय येत न्हाई."